विद्युत अभियांत्रिकी आणि ध्वनिशास्त्र यांचे विद्यापीठीय अभ्यासक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) शाखेत प्रवेश घेतलेल्या आणि पुढे ध्वनीच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच त्यांच्या पालकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. प्रवेशाचे नियम आणि शुल्क दरवर्षी बदलत असल्याने अर्ज भरण्यापूर्वी संबंधित संस्थेची चालू वर्षाची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी.

विद्युत अभियांत्रिकीचा आणि ध्वनिशास्त्राचा संबंध नेमका काय?

संबंध दोन पातळ्यांवर आहे. पहिला रोज कानावर पडणारा आहे. वीजकेंद्रातला रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) गुणगुणतो, कारण त्याच्या गाभ्यातील पोलादी पत्रे चुंबकीय क्षेत्रामुळे अगदी किंचित लांबतात आणि पुन्हा आखडतात. क्षेत्राची दिशा उलटली तरी लांबीतला बदल त्याच प्रकारचा राहतो. म्हणून ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात तो दोनदा घडतो आणि आपल्याला ५० नव्हे, तर १०० हर्ट्झचा मूळ सूर व त्याच्या पटीतले सूर ऐकू येतात. ज्या विद्यार्थ्याला हा दुप्पटीचा हिशेब एकदा नीट उमगला, त्याला मोटरच्या आणि चोकच्या आवाजाचे अर्धे कोडे सुटलेले असते.

दुसरा संबंध गणिताचा आहे आणि तो अधिक खोल आहे. ध्वनीचा दाब हा विभवांतरासारखा आणि दर सेकंदाला वाहणारे हवेचे आकारमान हे विद्युतधारेसारखे मानले, तर अरुंद नळीतील हवा प्रवर्तकासारखी (इंडक्टर) वागते, बंद पोकळीतील हवा धारित्रासारखी (कपॅसिटर) वागते आणि सच्छिद्र नमदा किंवा फोम रोधाचे काम करतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर निघणारा सूर हा मानेतील हवेचे वस्तुमान आणि पोटातील हवेची लवचीकता यांचा अनुनाद असतो. त्याचे समीकरण नेटवर्क थिअरीच्या पहिल्या काही तासिकांत शिकवल्या जाणाऱ्या एलसी (प्रवर्तक-धारित्र) मंडलाच्या समीकरणाहून वेगळे नाही. लाउडस्पीकर, मायक्रोफोन, वाहनाचा सायलेन्सर, श्रवणयंत्र या सर्वांची रचना अशा समतुल्य मंडलांच्या आधारे केली जाते. म्हणूनच विद्युत शाखेचा विद्यार्थी ध्वनिशास्त्रात उपरा नसतो. त्याच्याकडे असलेली साधने इथे थेट उपयोगी पडतात, फक्त ती वापरण्याची सवय करून घ्यावी लागते.

भारतात ध्वनिशास्त्राची स्वतंत्र अभियांत्रिकी पदवी मिळते का?

महाराष्ट्रातील कॅप प्रवेशप्रक्रियेत ध्वनिशास्त्र हे शाखेचे नाव म्हणून शोधू नये. आपल्याकडे हा विषय निरनिराळ्या विभागांत विखुरलेला आहे आणि पदव्युत्तर किंवा संशोधनाच्या टप्प्यावरच तो ठळकपणे समोर येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यंत्र अभियांत्रिकी विभागातील तांत्रिक ध्वनिशास्त्राच्या संशोधन केंद्राने, विशेषतः प्रा. एम. एल. मुंजाल यांच्या वायुनलिका आणि मफलर (सायलेन्सर) यांवरील कामामुळे, जगभर नाव मिळवले आहे. आयआयटी दिल्लीच्या उपयोजित इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्रात पाण्याखालील ध्वनी आणि संकेत प्रक्रिया हे विषय हाताळले जातात. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात वाणी, श्रवण आणि हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण यांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. आयआयटी मद्रासमध्ये महासागर अभियांत्रिकी विभागाकडून पाण्यातील ध्वनीकडे जाता येते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की विद्यार्थ्याने विभागाच्या नावापेक्षा तेथील प्राध्यापकांचे संशोधनविषय आणि प्रयोगशाळा पाहून अर्ज करावा. पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत ध्वनिशास्त्राची वेगळी प्रश्नपत्रिका नाही. आपल्या शाखेचीच प्रश्नपत्रिका द्यावी आणि लक्ष्य असलेला विभाग ती स्वीकारतो की नाही, हे आधीच तपासावे. या बाबतीत झालेली चूक वर्षभर भोगावी लागते.

विद्युत, ईअँडटीसी, इन्स्ट्रुमेंटेशन की यंत्र अभियांत्रिकी? कोणती शाखा सोयीची?

वाणी, संगीत, श्रवणयंत्रे आणि आवाज खोडून काढणारे हेडफोन यांत रस असल्यास ईअँडटीसी किंवा इलेक्ट्रॉनिक्स. मोटर, रोहित्र आणि विद्युत वाहने यांच्या आवाजात रस असल्यास विद्युत. संवेदक आणि मापनात रस असल्यास इन्स्ट्रुमेंटेशन. कंपने, इंजिन आणि इमारतीतील यंत्रणांचा गोंगाट यांत रस असल्यास यंत्र अभियांत्रिकी. एवढा विचार पुरेसा आहे. केवळ ध्वनिशास्त्रासाठी म्हणून हाती आलेले चांगले महाविद्यालय सोडून शाखा बदलण्याचा आग्रह धरू नये.

पदवीच्या चार वर्षांत कोणत्या विषयांकडे विशेष लक्ष द्यावे?

सर्वप्रथम गणिताकडे, आणि त्यातही संमिश्र संख्या, फूरिये व लाप्लास रूपांतरे, सदिश कलन आणि आंशिक विकलक समीकरणे यांकडे. बेसेल फलने अनेक जण परीक्षेपुरती पाठ करतात. पण गोल पडद्याची कंपने आणि लाउडस्पीकरच्या कोनातून निघणाऱ्या ध्वनीची दिशा या दोन्ही ठिकाणी तीच पुढे येतात. त्यानंतर सिग्नल्स अँड सिस्टिम्स. या विषयात उत्तीर्ण होणे आणि हा विषय येणे यांत फार अंतर आहे. आवेगाला मिळणाऱ्या प्रतिसादाची कल्पना ज्याला मनापासून समजली आहे, तो एखाद्या सभागृहात फुगा फोडून मिळवलेल्या ध्वनिमुद्रणातून त्या सभागृहाचा स्वभाव ओळखू शकतो, कारण गणिताच्या दृष्टीने सभागृह हीसुद्धा एक रेषीय प्रणालीच आहे.

विद्युतचुंबकीय क्षेत्रांचा विषय अवघड म्हणून बदनाम आहे, परंतु तरंग समीकरण, सीमेवरील अटी, परावर्तन आणि प्रतिबाधेचा (इम्पीडन्स) मेळ या गोष्टी तिथेच पहिल्यांदा शिस्तीने शिकवल्या जातात. पारेषण वाहिनीवरील स्थिर तरंगाचे गणित ज्याने केले आहे, त्याला नळीतील ध्वनीचे गणित नव्याने शिकावे लागत नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रातील तरंगांच्या अध्यारोपणाचे प्रकरण आणि त्यातील टोक-दुरुस्ती यांची उजळणी या टप्प्यावर जरूर करावी. पायथन किंवा मॅटलॅब यांपैकी एक साधन हातात बसलेले असावे.

महाविद्यालयात हा विषय शिकवला जात नसल्यास एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ध्वनिशास्त्र, गोंगाट नियंत्रण आणि वास्तू-ध्वनिशास्त्र यांवरील अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. केवळ प्रमाणपत्रासाठी ते न करता त्यांतली उदाहरणे स्वतः सोडवावीत.

महागडी उपकरणे नसताना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काय करून पाहता येईल?

पुष्कळ काही. फंक्शन जनरेटर, साधा ॲम्प्लिफायर, मल्टिमीटर आणि आठ इंची स्पीकर एवढ्या साहित्यात होणारा एक प्रयोग प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्याने करावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

स्पीकरवर ८ ओहम असे छापलेले असते, पण मल्टिमीटरवर त्याचा रोध साधारण ६ ओहम भरतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. आता स्पीकरशी एकसर जोडणीत एक ज्ञात रोध लावावा, वारंवारिता २० हर्ट्झपासून हळूहळू वाढवावी आणि स्पीकरच्या टोकांमधील विभवांतर नोंदवत जावे. विशिष्ट वारंवारितेजवळ प्रतिबाधा झपाट्याने चढते, कधी ३० ओहमच्याही वर जाते आणि मग उतरते. हे शिखर म्हणजे कोनाचे वस्तुमान आणि त्याच्या कडेची लवचीकता यांचा यांत्रिक अनुनाद होय. तो आपल्याला विद्युत मीटरवर दिसतो, कारण हलणारी कॉइल विरोधी विद्युतप्रेरक बल (बॅक ईएमएफ) निर्माण करते. खात्री करून घ्यायची असल्यास कोन हाताने अलगद धरावा. हालचाल थांबताच शिखर नाहीसे होते.

यापुढची पायरी अधिक रंजक आहे. समजा, अनुनाद ६० हर्ट्झला मिळाला. कोनाच्या मध्यभागी १० ग्रॅम चिकणमाती नीट बसवली आणि अनुनाद ५० हर्ट्झवर उतरला, तर ६० भागिले ५० याचा वर्ग १.४४ येतो, त्यातून १ वजा करून उरलेल्या ०.४४ ने १० ग्रॅमला भागले की हलणाऱ्या भागाचे वस्तुमान सुमारे २३ ग्रॅम निघते. स्पीकर न उघडता आणि तराजू न वापरता कोनाचे वजन मिळाले. मग माती काढून तोच स्पीकर लाकडी पेटीत घट्ट बसवावा. अनुनाद वर सरकतो, कारण पेटीतील कोंडलेल्या हवेची लवचीकता कोनाच्या लवचीकतेत मिळते. पेटीला फट राहिली असेल, तर शिखर बसके होते. हवेची स्प्रिंग मल्टिमीटरवर मोजता येते, हा अनुभव कोणत्याही व्याख्यानाहून अधिक शिकवून जातो. निष्कर्ष आलेखासह वहीत व्यवस्थित मांडून ठेवावेत. पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत अशा वहीचे मोल गुणपत्रिकेइतके ठरू शकते.

परदेशात कोणते अभ्यासक्रम विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधरांना जवळचे आहेत?

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील, म्हणजे डीटीयूतील, अभियांत्रिकी ध्वनिशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम या बाबतीत प्रथम विचारात घेण्यासारखा आहे. कोपनहेगनच्या उत्तरेला लिंगबी येथे चालणारा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, १२० युरोपीय श्रेयांकांचा आणि इंग्रजी माध्यमाचा आहे. या संस्थेची परंपराही दोन्ही विषयांना जोडणारी आहे. १८२० मध्ये विद्युतधारेमुळे चुंबकसूची विचलित होते हे दाखवणारे हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी त्याआधी कंप पावणाऱ्या पत्र्यांवर उमटणाऱ्या ध्वनिआकृत्यांचा अभ्यास केला होता, आणि १८२९ मध्ये या विद्यापीठाची मूळ तंत्रशाळा त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. तिथेच शिकलेल्या पेर ब्रुएल आणि व्हिगो केअर यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे मायक्रोफोन आणि ध्वनिमापक आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात.

जर्मनीत आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात ध्वनिशास्त्राचे अध्यासन विद्युत अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान विद्याशाखेतच आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात ध्वनी आणि कंपने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तर फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात ऑडिओ आणि संकेत प्रक्रियेवर भर आहे. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातील ध्वनी व कंपन संशोधन संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. तिथे ध्वनी अभियांत्रिकीची पदवीसुद्धा मिळते, जी जगात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचा ध्वनिशास्त्राचा पदव्युत्तर कार्यक्रम १९६५ पासून चालू असून त्यात नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने शिकण्याचीही सोय आहे.

ऑस्ट्रियातील ग्राझचे उदाहरण वेगळे आहे. तेथील तांत्रिक विद्यापीठ आणि संगीत व प्रयोगकलांचे विद्यापीठ मिळून विद्युत अभियांत्रिकी आणि ध्वनी अभियांत्रिकीचा संयुक्त अभ्यासक्रम चालवतात आणि पदवीच्या प्रवेशासाठी संगीताच्या जाणकारीचीही चाचणी घेतात. पदवीचे माध्यम जर्मन असल्याने भाषेची पक्की तयारी लागते. गाण्याचे किंवा वादनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या, गणितात मुरलेल्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा जुळणारा अभ्यासक्रम आमच्या पाहण्यात नाही.

शुल्क आणि कागदपत्रांबाबत काय लक्षात ठेवावे?

डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड येथील विद्यापीठे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतात. शिष्यवृत्त्या आहेत, पण मोजक्या. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, केवळ सत्राचे अंशदान भरावे लागते. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र स्वतःचा असतो आणि व्हिसासाठी त्याची आगाऊ तरतूद दाखवावी लागते. भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून अंतिम वर्षाच्या सुरुवातीलाच त्याची तयारी करावी.

संगीत येत नसेल, तर अडचण येईल का?

ग्राझसारखे अपवाद सोडले, तर नाही. सोनार (पाण्याखालील वस्तू ध्वनीने शोधणारी यंत्रणा), मफलर किंवा रोहित्र यांच्यावर काम करणाऱ्याला राग ओळखता यावा लागत नाही. परंतु ऐकण्याची सवय हवी आणि ती प्रयत्नाने लागते.

संगीत येत असल्यास त्याचा उपयोग मात्र मोठा होतो. साध्या ताणलेल्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांतून स्पष्ट सूर निघत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवरील शाईमुळे हे उपस्वर पूर्ण पटींजवळ आणले जातात आणि वाद्य सुरात मिळवता येते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत या रचनेचे शास्त्रीय विवेचन केले. पुडी बनवणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने आणि कानाने साधलेले हे काम संगणकीय प्रतिमानात अचूक उतरवणे हा पदव्युत्तर प्रबंधाला साजेसा विषय आहे, आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला त्यासाठी लागणारे वाद्य, वादक आणि कारागीर घराजवळ भेटतात.

साउंड रेकॉर्डिंग, ऑडिओलॉजी आणि ध्वनिशास्त्र यांत फरक काय?

पुण्याच्या एफटीआयआय (भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था) येथील ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाचा अभ्यासक्रम चित्रपटकलेचा आहे; तिथे ध्वनीतून आशय कसा व्यक्त करायचा, हे शिकवतात. ऑडिओलॉजी ही आरोग्यसेवेची शाखा असून मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या क्षेत्रातील प्रमुख संस्था आहेत. अभियांत्रिकी ध्वनिशास्त्राचा भर ध्वनीची निर्मिती, प्रसार, मापन आणि नियंत्रण यांवर असतो. तिन्ही क्षेत्रांतील लोक एकमेकांसोबत काम करतात. श्रवणयंत्र तर अभियंता आणि श्रवणतज्ज्ञ यांच्या सहकार्याशिवाय तयारच होत नाही.

विद्युत अभियंता म्हणून या क्षेत्रात आपण मागे पडू, अशी भीती वाटते. ती रास्त आहे का?

इतिहास पाहता मुळीच नाही. बिष्णू अटल लखनौ विद्यापीठात आणि नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले. १९५७ ते १९६० या काळात त्याच संस्थेच्या विद्युत दळणवळण अभियांत्रिकी विभागात ते ध्वनिशास्त्राचे अधिव्याख्याते होते. १९६१ मध्ये ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले आणि तिथे रेषीय पूर्वानुमानाच्या आधारे वाणीचे संक्षेपण करण्याच्या पद्धती त्यांनी घडवल्या. १९८५ मध्ये मानफ्रेड श्रोएडर यांच्यासोबत त्यांनी मांडलेल्या पद्धतीच्या आवृत्त्या पुढे मोबाइल दूरध्वनीत सर्वत्र वापरल्या गेल्या. अमर बोस यांनी एमआयटीमधून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली, तिथेच २००१ पर्यंत अध्यापन केले आणि १९६४ मध्ये आपली ध्वनियंत्रणांची कंपनी सुरू केली.

शिक्षणानंतर काम कुठे मिळते?

पुणे परिसरात वाहन उद्योगामुळे आवाज आणि कंपने या विषयाला कायम मागणी असते. येथील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) संस्थेत त्यासाठीची प्रयोगशाळा आहे. विद्युत वाहनांमुळे विद्युत अभियंत्यांचे महत्त्व इथे वाढले आहे. इंजिनाचा आवाज गेल्यावर मोटरमधील त्रिज्य बलांचा आणि इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा बारीक, टोचणारा सूर प्रवाशाला जाणवू लागतो; तो कमी करायचा, तर खाचा आणि ध्रुव यांची संख्या, स्विचिंगची वारंवारिता आणि आवरणाचे अनुनाद यांचा एकत्र विचार करणारा माणूस लागतो. रोहित्र आणि जनरेटर उत्पादकांना आवाजाच्या चाचण्या बंधनकारक असतात; १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटर संचाला आवरणापासून १ मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. कोची येथील नौदल भौतिक व सागरी प्रयोगशाळेत सोनारवर संशोधन होते. याशिवाय श्रवणयंत्रे, आवाज ओळखणाऱ्या संगणकप्रणाली, वैद्यकीय श्राव्यातीत प्रतिमांकन (सोनोग्राफी) आणि सभागृहांचे ध्वनिसल्लागार अशी क्षेत्रे आहेत.

सल्लागाराला कायदाही ठाऊक हवा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. गणेशोत्सवातील ध्वनिक्षेपकांवरून दरवर्षी जी चर्चा होते, तिच्यात डेसिबलचे प्रमाण लघुगणकीय आहे याचा अनेकदा विसर पडतो. सारख्या शक्तीचा दुसरा ध्वनिक्षेपक लावल्यास आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ ने वाढतो. म्हणजेच आकड्यात ३ डेसिबलची सूट मागणे हे प्रत्यक्षात ध्वनिशक्ती दुप्पट करण्याची परवानगी मागणे असते. हे लोकांना शांतपणे समजावून सांगू शकणाऱ्या अभियंत्यांची आपल्या शहरांना नितांत गरज आहे.

पदविकाधारकांना हा मार्ग खुला आहे का?

होय. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्यांना पदवीच्या द्वितीय वर्षात थेट प्रवेश मिळतो आणि त्यांचा प्रयोगशाळेतील हात सहसा अधिक सफाईदार असतो. गणिताची बाजू मात्र त्यांना स्वतंत्रपणे भरून काढावी लागते. प्रथम वर्षाच्या दोन्ही गणितांचा अभ्यास द्वितीय वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत पूर्ण करावा.